भिवंडीचे ३३ आणि मुरबाडचे ३८

मे महिन्याची दुपार. भिवंडीत खाडीकडच्या गोठ्यात पारा ३३ वर, मुरबाडला ३८ वर. मुरबाडवाला म्हणणार, तुमचं बरंय. पण भिवंडीच्या हवेत आर्द्रता ७० टक्के आणि मुरबाडच्या हवेत ३५ टक्के असेल, तर दोन्हीकडच्या जनावरांवरचा उष्णतेचा ताण जवळजवळ सारखाच असतो. नुसत्या थर्मामीटरवर गोठा चालवणाऱ्याची इथेच फसगत होते.

तापमान आणि आर्द्रता एकत्र मोजायला टीएचआय हा निर्देशांक वापरतात. ता म्हणजे सेल्सिअस तापमान आणि आ म्हणजे टक्क्यांतली आर्द्रता धरली, तर सूत्र असं:

टीएचआय = (१.८ × ता + ३२) − (०.५५ − ०.००५५ × आ) × (१.८ × ता − २६)

आकडे घालून बघा. भिवंडीचं उत्तर ८५.९ येतं, मुरबाडचं ८५.२. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे दोन मिनिटांचं काम आहे. सूत्रं मात्र एकापेक्षा जास्त आहेत आणि त्यांची उत्तरं थोडी वेगळी येतात. एक धरा आणि वर्षभर तेच वापरा.

पुस्तकात ७२ ही धोक्याची रेघ असते. भरपूर दूध देणाऱ्या होल्स्टीन गायींसाठी ती पुढे ६८ वर आणली गेली. आपल्याकडे या रेघेचा गजर म्हणून काडीचा उपयोग नाही, कारण ठाणे जिल्ह्यात मार्च ते ऑक्टोबर तो वाजतच राहील. रोज वाजणाऱ्या घंटेकडे कोण बघतं? त्यापेक्षा दिवसातले किती तास निर्देशांक ८० च्या वर राहिला आणि रात्री तो कुठवर उतरला, हे लिहून ठेवा. रात्री पारा तीन ते सहा तास २१ च्या खाली गेला, तर गाय दिवसाची उष्णता बाहेर टाकते आणि दुधाचं नुकसान बरंचसं भरून निघतं. खाडीकाठी मे महिन्यात पहाटे ४ वाजता २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर निर्देशांक ७८.७ येतो. म्हणजे गायीला उसंतच नाही. आपलं खरं दुखणं दुपारपेक्षा रात्रीचं आहे, आणि नेमकी रात्रीची नोंद कोणी घेत नाही.

आता मीटरबद्दल. बाजारातल्या स्वस्त डिजिटल मीटरचं तापमान बहुधा ठीक असतं, आर्द्रता मात्र बिनधास्त चुकते. ती घरीच तपासता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि पाणी थेंब थेंब घालत दाट चिखल करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात बारा तास ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मीटर ६८ दाखवत असेल, तर पुढे प्रत्येक वाचनात ७ मिळवायचे. ही परीक्षा दर हंगामात एकदा करावी, कारण गोठ्यातल्या अमोनियाने आणि धुळीने सेन्सर बिघडत जातो.

मीटर टांगायचा जनावराच्या पाठीच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटर, जनावरं जिथे बसतात तिथे. दारातल्या खांबावर वारा लागून आकडा गोड येतो, पत्र्याखाली टांगला तर भलताच चढतो. पंख्यासमोर किंवा पाण्याच्या फवाऱ्यात तर नकोच.

टीएचआयमध्ये वारा नाही आणि पत्र्याची धगही नाही. धग मोजायला काळा गोळा वापरतात: १५ सेंटीमीटर व्यासाचा पोकळ तांब्याचा गोळा, बाहेरून बिनचमकीचा काळा रंग आणि मधोमध थर्मामीटर. टांगल्यावर वीसेक मिनिटं थांबून वाचायचं. साध्या थर्मामीटरपेक्षा तो पाच-सहा अंश जास्त दाखवू लागला, तर आधी छपराचं बघा, पंखे नंतर. इन्फ्रारेड गन चकचकीत पत्र्यावर रोखली तर खोटा आकडा देते. पत्र्याला खालून काळी चिकटपट्टी लावून पट्टीवर नेम धरायचा. हीच गन ओल्या अंगावर रोखून गायीचा ताप काढणारेही भेटतात. त्या आकड्याला काही अर्थ नाही.

एवढं झाल्यावरही हवेचा आकडा हा हवेचाच. जनावराचं त्यालाच विचारायचं, आणि त्याला फक्त घड्याळ लागतं. गाय शांत उभी किंवा बसलेली असताना बाजूला उभं राहून कूस बघा. कूस एकदा आत-बाहेर झाली की एक श्वास. दहा श्वासांना किती सेकंद लागले ते मोजा आणि ६०० ला त्या सेकंदांनी भागा. पंधरा सेकंद लागले तर मिनिटाला ४०, म्हणजे ठीक. दहा सेकंद म्हणजे ६०, इथून ताण सुरू. साडेसात सेकंद म्हणजे ८०. पाच सेकंद म्हणजे १२०, तेव्हा वही बाजूला ठेवून आधी पाणी मारा. नुकती चालून आलेली किंवा गव्हाणीत तोंड घातलेली गाय मोजू नका. दहा जनावरं ठरवून घ्या, त्यात ताज्या विणीची, जास्त दुधाची आणि पश्चिमेच्या भिंतीलगतची हवीतच. दहापैकी सातांचे श्वास ६० च्या वर गेले, तर गोठाच तापलाय असं समजा.

एक फसवणूक लक्षात ठेवा. ताण फार वाढला की गाय तोंड उघडते, जीभ बाहेर येते, लाळ गळते आणि श्वास खोल व संथ होतो. आकडा १२० वरून खाली येतो आणि नवखा माणूस हुश्श करतो. प्रत्यक्षात तेव्हा ती सर्वांत वाईट अवस्थेत असते. म्हणून श्वासाच्या आकड्यापुढे 'तोंड बंद' किंवा 'तोंड उघडं' हेही लिहायचं.

अंगाचा ताप गुदद्वारात थर्मामीटर घालूनच घ्यावा. टोक आतल्या भिंतीला टेकलं पाहिजे, शेणात रुतलं तर आकडा चुकतो. नुकतंच रेतन किंवा गाभणतपासणी झाली असेल तर आत हवा शिरून तापमान कमी दिसतं, थोडं थांबा. गायीचा ताप साधारण ३८.५ असतो, ३९.२ च्या वर गेला की उष्णतेचा ताण. एकटीच गाय तापलेली असेल तर आजार शोधा, सगळ्याच तापल्या असतील तर उकाडा. वेळही महत्त्वाची. हवा दुपारी २ ला सर्वांत तापते, गाय त्यानंतर काही तासांनी. त्यामुळे दुपारच्या धारेला घेतलेला ताप खोटा दिलासा देतो. संध्याकाळी ५ ते ७ मध्ये एकदा आणि पहाटे धारेआधी एकदा घ्या. पहाटेही ३९ च्या वर असेल, तर रात्र फुकट गेली.

दूध सर्वांत शेवटी बोलतं. आज तापलेल्या गायीचं दूध उद्या-परवा घटतं, म्हणून दुधाच्या वहीवरून आजचे पंखे ठरवू नयेत.

आपल्या पट्ट्यातले बरेच तबेले म्हशींचे. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा खूपच कमी. उन्हात ती पटकन तापते, सावलीत पाणी मिळालं की पटकन निवतेही. तिचा ताप उन्हातून आणल्या आणल्या एकदा आणि भिजवल्यावर अर्ध्या तासाने एकदा घ्या. फरक बोलका असतो. उन्हाळ्यात म्हशींचा मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणं न दिसणारा माज, वाढतो, तेव्हा माजाची नोंदही याच वहीत असू द्या.

उपाय निवडतानाही मोजमाप लागतं. दोन थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला ओली मलमलची पट्टी बांधा आणि पंख्याच्या वाऱ्यात धरा. मुरबाडच्या त्या दुपारी कोरडा ३८ आणि ओला २५ दाखवेल: १३ अंशांचं अंतर, तिथे धुक्यासारखा फॉगर हवा खरंच थंड करतो. भिवंडीत कोरडा ३३ आणि ओला २८. जेमतेम ५ अंश. तिथे फॉगर फक्त दमटपणा वाढवतो. खाडीकाठी मोठ्या थेंबांचा शॉवर मिनिटभर, मग पाच-सात मिनिटं जोरात पंखा, आणि परत तेच. पट्टी मळली किंवा खाऱ्या पाण्याने कडक झाली की ओला थर्मामीटर जास्त आकडा दाखवतो, ती बदलत राहा.

भिजवणं लागू पडतंय का, हे हाताने कळतं. पाठीवरच्या केसांत बोटं घाला. केस ओले आणि खाली कातडी कोरडी असेल तर पाणी कमी पडतंय. अंगावरून ओघळून कासेपर्यंत पोचत असेल तर जास्त झालं, तिथून दगडी, म्हणजे कासेची सूज, सुरू होते. मग भिजवण्याआधी आणि अर्ध्या तासाने त्याच दहा जनावरांचे श्वास परत मोजा.