भजनाच्या कॅसेट्सचे डिजिटायझेशन: मूळ प्रत फ्लॅकमध्ये, आता व्हिडिओकडे

गावच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट्स संगणकावर उतरवण्याचे काम आता अशा टप्प्यावर आले आहे की, मूळ प्रत कोणत्या स्वरूपात जपायची आणि ऐकण्यासाठी कोणती द्यायची, हे निश्चित करता आले. ध्वनिमुद्रण २४ बिट आणि ४८,००० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा) वेव्ह या न दाबलेल्या फाइलमध्ये घेतो. त्यात स्टिरिओ आवाजाच्या एका मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा लागते, म्हणजे ९० मिनिटांची कॅसेट दीड जीबीच्या पुढे जाते. आवाजाची साफसफाई करण्यापूर्वीच ही फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाची हानी न करता फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात, बदलून ठेवतो.

फ्लॅक आधीच्या नमुन्यांवरून पुढच्या नमुन्याचा अंदाज बांधते आणि अंदाजातील फरक तेवढा साठवते, त्यामुळे मूळ आवाज बिटनबिट परत मिळतो. कॅसेटच्या खरखरीचा मात्र अंदाज बांधता येत नाही, म्हणून या फाइली अपेक्षेइतक्या लहान होत नाहीत. ती किंमत मला मान्य आहे. मूळ आवाजाची एमडी५ खूण (आवाजाच्या माहितीवरून गणिताने काढलेला पडताळणीचा आकडा) फाइलमध्येच राहत असल्याने काही वर्षांनी फाइल बिघडली आहे का, हे तपासता येते. शिवाय इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये फ्लॅकचे तपशील आरएफसी ९६३९ या खुल्या दस्तऐवजात प्रसिद्ध केल्यामुळे हे स्वरूप दीर्घकाळ वाचता येईल, असा विश्वास वाटतो.

ऐकण्याच्या प्रतीसाठी १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ला टाळांनी नापास केले. एमपी३ आवाजाचे तुकडे पाडून त्यातील बारकावे गाळते आणि त्यातून उपजणारा गोंगाट संपूर्ण तुकड्यावर पसरतो. टाळाचा आघात तुकड्याच्या मध्यावर आला, तर आघाताच्या आधीच फिसफिस ऐकू येते. अशा जागी एएसी हे एमपी३नंतरचे स्वरूप अधिक आखूड तुकडे वापरू शकते, म्हणून मंडळींना एएसी आवाजाच्या एम४ए फाइली देण्याचे ठरवले आहे. त्या प्रत्येक वेळी फ्लॅकवरूनच बनवाव्यात, कारण एमपी३वरून एएसी केल्यास आधीच्या हानीवर नवी हानी चढते.

व्हिडिओत एव्हीआय, एमपी४ आणि एमकेव्ही हे चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारे केवळ डबे आहेत. आतले चित्र कोणत्या पद्धतीने साठवले आहे, डीव्ही (जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची) की एच.२६४ (फाइल बरीच लहान करणारी), हे फाइलच्या नावामागील एक्स्टेन्शनवरून ठरत नाही. सप्ताहाच्या मिनीडीव्ही (कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल) टेप्समधील डीव्ही चित्र, तासाला सुमारे १३ जीबी असले तरी, मी तसेच ठेवणार आहे. एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधील 'कॉपी' पर्यायाने ते पुन्हा एन्कोड न होता एमकेव्हीत जाते. पाहण्याच्या प्रतीत मात्र इंटरलेसिंग (चित्राच्या ओळी एकाआड एक नोंदवण्याची पद्धत) काढून एच.२६४ वापरावे लागेल. काही कॅमेरे १२ बिट आणि ३२,००० हर्ट्झवर आवाज नोंदवत असत, त्यामुळे पुढच्या टप्प्यात प्रत्येक टेपवरील आवाजाचा नमुनादर (हर्ट्झमधील) आधी तपासायचा आहे.