वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका सरकारी रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचं हाड मोडून आलेल्या वयस्कर माणसांना ऑपरेशननंतर पुन्हा पायांवर उभं करायचं, हे माझं रोजचं काम. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी पेशंटला पलंगावरून उठवायचं, अशी इथली रीत आहे. माणूस जितके दिवस आडवा, तितकी न्यूमोनियाची, पायात रक्ताची गुठळी होण्याची आणि पाठीला जखमा होण्याची भीती जास्त.

एका आठवड्यात माझ्याकडे ८४ वर्षांचे वॉकर नावाचे गृहस्थ होते. पेशंटचं नाव मी एरवी कुठेच लिहिणार नाही. पण ही हकीकतच आडनावाची आहे, आणि आमच्या भागात वॉकर इतके आहेत की त्यावरून कुणाला ओळखता येणार नाही. बाकीचे तपशील मी बदलले आहेत.

ऑपरेशन छान झालं होतं. दुखणंही आटोक्यात होतं. पण चार दिवस झाले तरी त्यांनी एक पाऊल टाकलं नव्हतं. पलंगाच्या कडेला बसायचे, चालताना आधाराला धरायची फ्रेम धरून उभेही राहायचे, आणि उजव्या पायावर भार टाकायची वेळ आली की सगळं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. फ्रेमवरच्या बोटांची पेरं पांढरी पडायची. "नको गं पोरी, परत पडेन," एवढंच म्हणायचे आणि मागे बसायचे.

पाचव्या दिवशी धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "तुमच्या आडनावातच चालणं आहे, आणि तुम्हीच नाही कसं म्हणता?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या आडनावात चालणं नाही. तुडवणं आहे."

मला कळलंच नाही. मग त्यांनी मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि सांगायला लागले. तितकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. हडर्सफील्डच्या एका लोकरीच्या गिरणीत त्यांचा जन्म गेला होता, तोही कापडाला शेवटचा हात देणाऱ्या खात्यात. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ असतं, तेलकट असतं, धागा न् धागा मोजता येतो. ते ओलं करून चेंबलं की लोकर आटते, धागे एकमेकांत गुंततात, कापड दाट होतं आणि वारा अडवतं. गिरण्या येण्याआधी हे काम पायांनी व्हायचं. हौदात कापड टाकायचं, वर पाणी आणि शिळं मूत्र ओतायचं, आणि माणसांनी तासन् तास ते तुडवत राहायचं. मुरलेल्या मूत्रातला अमोनिया लोकरीचं तेल काढतो, म्हणून ते घराघरातून गोळा केलं जाई. हे तुडवणारा तो वॉकर.

नंतर मी वाचून काढलं, तेव्हा त्यांचा शब्द न् शब्द खरा निघाला. जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' म्हणजे लोळवणं, घुसळणं. त्यावरून 'वेआल्केरे', आणि पुढे वॉकर. जर्मन भाषेतही कापड तुडवणाऱ्याला 'वाल्कर' असाच शब्द आहे. आज सगळे 'वॉक' म्हणजे चालणं समजतात, तो अर्थ त्या शब्दाला मागाहून चिकटला. आपल्याकडे जॉनी वॉकरच्या बाटलीवरचा टोपी-काठीवाला माणूस सगळ्यांना माहीत असतो. स्कॉटलंडमधल्या किल्मारनॉकच्या जॉन वॉकर या किराणा दुकानदाराच्या नावाशी ते चालणाऱ्या माणसाचं चित्र १९०८च्या सुमारास जोडलं गेलं. माझा समज त्याच चित्रावर पोसलेला होता.

मला सर्वांत जास्त भावला तो या आडनावाचा भूगोल. एकाच कामाला इंग्लंडच्या तीन भागांत तीन शब्द होते. आग्नेयेकडे फुलर, नैऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर, आणि उत्तरेत व मिडलँड्समध्ये, म्हणजे मधल्या पट्ट्यात, वॉकर. तिन्हींची आडनावं झाली, आणि माणसं इतकी हलली तरी ती अजून बरीचशी आपापल्या मुलखात दाट आहेत. वॉकर तर ब्रिटनमधल्या पहिल्या वीस आडनावांत येतं. १३७९ साली इथे डोईपट्टी बसली, तिच्या वेस्ट रायडिंगच्या, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागाच्या, याद्यांत माणसांच्या नावापुढे त्यांचे धंदे लिहिलेले सापडतात. आडनाव बापाकडून मुलाकडे कायमचं जाण्याचा तो काळ. पण पाण्यावर चालणारे लाकडी हातोडे कापड कुटायला त्याच्या कितीतरी आधी आले होते. ११८५ सालच्या टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या नोंदीत लीड्सजवळच्या न्यूझमला तशी गिरणी असल्याचं लिहिलेलं आहे. म्हणजे ज्यांना हे आडनाव कायमचं लागलं, त्यांतल्या पुष्कळांनी कदाचित हौदात पायही घातला नसेल. पायांचं काम गेलं, पायांचं नाव राहिलं.

बोलता बोलता ते म्हणाले की तेल शोषायला एक मातीही लागायची, फुलर्स अर्थ. मी खुर्चीतून उठलेच. "अहो, ती तर आमची मुलतानी माती! आमच्याकडे तोंडाला लावतात." ते खळखळून हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आणि तेव्हा मला सुचलं. तुडवणाऱ्याला पुढे जायचंच नसतं. तो जागच्या जागी भार या पायावरून त्या पायावर नेतो. मला त्यांच्याकडून नेमकं तेवढंच हवं होतं.

मी त्यांना उभं केलं. पायात तळव्याला रबरी ठिपके असलेले लाल मोजे, समोर फ्रेम, पलंगाची कड मागे टेकलेली. म्हटलं, "चालायचं नाही. हौदात उभे आहात, कापड तुडवा." त्यांनी डोळे मिटले. आधी डावी टाच जेमतेम उचलली. मग उजवी. मग परत डावी, या वेळी अख्खं पाऊल जमिनीपासून सुटलं, म्हणजे उजव्या पायाने सगळा भार घेतला होता. मी त्यांच्या खुब्यावर हात ठेवून होते. आखडलेला स्नायू हाताखाली सैल होताना मला लागत होता. पुटपुटत मोजत होते ते. वीस झाल्यावर मी फ्रेम वीतभर पुढे सरकवली आणि काहीच बोलले नाही. ते तुडवत तुडवत सहा पावलं पुढे आले.

खाली बसल्यावर धाप लागली होती, तरी पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, "तुझ्या आडनावात काय आहे?"

मी सणगर. माणदेशात आमचं घर, आणि आजोबा घोंगडी विणायचे. चिंचोके शिजवून केलेली खळ ते कुंच्याने ताण्यावर ओढायचे, तिचा वास मला अजून येतो. दोघांच्याही आडनावात लोकरच निघाली, हे त्यांना सांगताना माझा गळा दाटून आला. इथे अकरा वर्षांत माझं आडनाव कसं लिहायचं एवढंच लोकांनी विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांच्या हातची घोंगडी पिशवीत घालून नेली. वॉकर आजोबांनी आधी चष्मा लावला. घोंगडीचा काठ अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला, उजेडाकडे तोंड करून धरला, मग वास घेतला. कितीतरी वेळ ते काही बोलले नाहीत.

"हे तुडवलेलं नाही," शेवटी म्हणाले. "धागे मोजता येतात. पण विणणाऱ्याचा हात फार चांगला होता." आणि काठाचा एक सुटलेला धागा त्यांनी नखाने हलकेच आत सारला.