आमची वाटचाल : डोमेन किती वर्षांचं घ्यावं?

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या बाजूला एका गाळ्यात आमची फर्म सुरू झाली, तेव्हा आमचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. आडत दुकानदार, डाळ मिलवाले आणि क्लासेसवाले. लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालेलं, त्यामुळे दहावी-बारावीचे निकाल लागायच्या सुमारास क्लासेसच्या वेबसाइटची कामं एकदम अंगावर यायची. पुढे उदगीर, अंबाजोगाई, नांदेड, परभणी, जालना असा पसारा वाढला. काम मात्र तेच राहिलं: वेबसाइट करून देणं, डोमेन (वेबसाइटचं नाव-पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) सांभाळणं आणि गूगलवर शोधणाऱ्याला ते पान सापडेल असं बघणं.

एक गोष्ट आम्ही पहिल्या दिवसापासून धरून ठेवली. डोमेन जास्त वर्षांचं घेतलं की गूगलवर नाव वर येतं, असं सांगून आम्ही कुणाकडून एक रुपया घेतलेला नाही. आमच्या धंद्यात हे सर्रास सांगितलं जातं. एका डाळ मिलच्या मालकांनी माझ्यासमोर दुसऱ्या कुणाचं तरी कोटेशन ठेवलं होतं. त्यात स्वतंत्र ओळच होती, ‘दहा वर्षांचं डोमेन, रँकिंगसाठी आवश्यक’.

“ते म्हणायलेत, दहा वर्षांचं घेतलं की गूगलचा भरवसा बसतो. खरं हाय का भैय्या?”

“मालक, दहा वर्षांचं खुशाल घ्या. पण रँकिंगसाठी घेऊ नका.”

“मग कशासाठी घेऊ?”

या प्रश्नाचं नीट उत्तर देता यावं म्हणून आम्ही या समजुतीच्या मुळाशी गेलो. तिला उगम आहे. गूगलने डिसेंबर २००३ मध्ये पेटंटसाठी एक अर्ज केला आणि तो ३१ मार्च २००५ ला प्रसिद्ध झाला. पान केव्हा आलं, किती वेळा बदललं, त्याला दुसऱ्या साइटवरून दुवे कधी मिळाले, अशा जुन्या नोंदींवरून पानाची पत कशी ठरवता येईल, याचा तो आराखडा. त्यात डोमेनबद्दलही एक परिच्छेद आहे. खऱ्या धंद्याची डोमेन बहुतेक वेळा पुढच्या काही वर्षांचे पैसे भरून घेतलेली असतात, तर फसवी डोमेन वर्षाच्या पुढे क्वचितच चालतात, तेव्हा मुदत कधी संपते हाही एक संकेत धरता येईल, असं तिथे म्हटलं आहे. योगायोगाने त्याच वर्षी गूगलने स्वतः डोमेन नोंदणीची अधिकृत मान्यताही घेतली. झालं! दोन्ही बातम्या जोडून जगभर सल्ला फिरू लागला, की डोमेन लांब मुदतीचं करा.

पण पेटंट घेणं म्हणजे एखाद्या कल्पनेवर हक्क नोंदवून ठेवणं. तिच्यातलं प्रत्येक कलम कामाला लावलं जातंच असं नाही. त्या पेटंटवर ज्यांची नावं आहेत त्यांतलेच एक, मॅट कट्स यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं, की या मुदतीची चिंता करत बसू नका, मजकुराकडे लक्ष द्या. गूगलचेच जॉन म्युलर यांचा मुद्दा मला सगळ्यात पटतो. अनेक देशांच्या नोंदणी संस्था मुदत संपण्याची तारीख दाखवतच नाहीत. जर्मनीच्या डॉट डीईचंच बघा. मग एकाची तारीख दिसते आणि दुसऱ्याची दिसत नाही, अशा दोन साइटची तुलना करायची कशी? शिवाय भामट्यालाही दहा वर्षांचे पैसे भरता येतातच, आणि आपला चोख धंदा करणारा दुकानदार वर्षावर्षाला नूतनीकरण करत असतो.

मग त्या मिलच्या मालकांना आम्ही दहा वर्षांचं का घ्या म्हणालो? डोमेन सुटू नये म्हणून. मुदत आणि गूगल यांचा खरा संबंध इथे आहे, आणि तो सोसलेली माणसं आमच्याकडे रडवेली होऊन आलेली आहेत. मुदत संपली की साइट बंद पडते आणि डोमेनवरचा ईमेलही बंद पडतो. गूगलला पान मिळेनासं झालं की काही दिवसांत ते यादीतून गळायला लागतं. डॉट कॉमचं बघाल तर मुदत संपल्यावर नोंदणी करणारी कंपनी जास्तीत जास्त ४५ दिवस सांभाळून घेते. त्यानंतरच्या ३० दिवसांत जबर दंड भरून सोडवावं लागतं, पुढचे ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग ते नाव कुणीही उचलू शकतं. वर्षानुवर्षं कमावलेलं नाव असं जुगाराच्या साइटला लागलेलं बघणं फार वाईट असतं.

त्यात १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. ते ग्राहकाच्या हिताचेच आहेत. पण परदेशी कंपनीकडे कार्ड लावून निर्धास्त राहिलेल्या कितीतरी लोकांचं नूतनीकरण त्या काळात अडकलं. तेव्हापासून आम्ही स्पष्ट सांगतो, की निदान तीन-पाच वर्षांचे एकदम भरा. डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही १० वर्षांपर्यंत घेता येतात.

मुदतीपेक्षाही मोठा प्रश्न नावाचा आहे. कितीतरी दुकानांचं डोमेन वेबसाइट करणाऱ्याच्याच नावावर असतं. सातबारा दुसऱ्याचा आणि पेरणी आपली, असा तो प्रकार. परभणीकडच्या एका बियाणे विक्रेत्याला त्याच्या जुन्या वेबसाइटवाल्याने पासवर्ड द्यायला महिनोन् महिने फिरवलं. अखेर त्यांना नवं डोमेन घेऊन शून्यापासून सुरुवात करावी लागली. त्या माणसाने आयुष्यभर नेकीने धंदा केलेला. त्याचं नाव असं अडकवून ठेवणं हा माझ्या लेखी गुन्हाच आहे.

आणि रँकिंग? त्या डाळ मिलच्या पानावर आधी नुसतं इंग्रजीत स्वागत आणि एक विकतचा फोटो होता. आम्ही मालकांना मिलमध्ये गाठलं, मुनीमजींना शेजारी बसवलं आणि फोनवर गिऱ्हाईक काय विचारतं ते लिहून घेतलं. डाळीची प्रत कोणती, फटका आहे का, सवा नंबर आहे का, किती किलोचा कट्टा, माल कुठपर्यंत पोचवता. तेच प्रश्न, तीच उत्तरं मराठीत आणि हिंदीत पानावर आली. मिलचे, चाळणीचे खरे फोटो टाकले. गूगलच्या नकाशावर मिल चुकीच्या रस्त्याला दिसत होती, ती दुरुस्त केली. जवळपासच्या शोधात विषयाशी मेळ, अंतर आणि व्यवसायाची ओळख या तीन गोष्टी बघितल्या जातात असं गूगलच सांगतं. डोमेनची मुदत त्यात नाही. हंगाम सुरू झाला तसे अनोळखी दलालांचे फोन मिलवर यायला लागले. डोमेन तेव्हाही एका वर्षाचंच होतं. लांब मुदतीचे पैसे मालकांनी त्यानंतर भरले.

आज आमच्याकडे नवीन काम आलं की डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर आणि त्याच्याच मोबाइलवर निघतं. पावती त्याच्या हातात जाते. मुदतीची तारीख आमच्या वहीत आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिलेली असते, आणि तारखेच्या दोन महिने आधी आमच्याकडून फोन जातो. दहा वर्षांचे भरायचे असतील तर आम्ही आनंदाने भरून देतो. त्या बिलावर फक्त ‘डोमेन नोंदणी, १० वर्षं’ एवढंच लिहिलेलं असतं.