ही द्वारका कोण?

आमच्याकडे पहिल्यांदा येणारं माणूस बसल्या बसल्या समोरच्या फळीकडे बघतं, मान तिरकी करून काहीतरी वाचतं, आणि मी पाणी आणून ठेवेपर्यंत प्रश्न तयार असतो, "ही द्वारका कोण तुमची?"

कोणी नाही. फळीवरच्या पितळी घंगाळाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी लिहिलंय, 'चि. सौ. कां. द्वारका हीस मामाकडून, ता. ५-५-४६'. घंगाळ मी २०११ साली जुन्या बाजारात चौदाशे रुपयांना घेतलं. द्वारका मला माहीत नाही, तिचा मामाही नाही. शेजारचं शेराचं माप कुणा 'वि. रा. दे.' यांचं, वरची दुधाची कासंडी 'गो. ना. जो.' यांची. आमचं आडनाव यांच्यापैकी एकाशीही जुळत नाही. एवढं सांगितलं की दुसरा प्रश्न येतो, जरा दबक्या आवाजात. "मग लोकांची नावं आपल्या घरात कशाला? बफ मारून, मशीनवर घासून घ्या की. दहा मिनिटांचं काम." माझ्या नणंदेनं तर गोष्ट शुभ-अशुभापर्यंत नेली. कुणाच्या घरची मोड, कुठल्या अडचणीत विकली असेल, ती आपल्या दिवाणखान्यात!

परवा सोसायटीतल्या एका मैत्रिणीनं पुन्हा तेच विचारलं. तिच्या दुधाचा कुकर शिट्टीवर होता म्हणून उत्तर अर्धंच राहिलं. तर आता तुम्ही विचारलंत म्हणून सगळंच सांगते.

आधी कुठून आणलं ते, कारण लोकांना खरं तेच हवं असतं. पुण्यात मंगळवार पेठेत दर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मोटारींचे सुटे भाग, पान्हे, बंद पडलेले मोबाइल, बूट, नाणी, आणि मध्येच एखाद्या ताडपत्रीवर पितळेचा ढीग. सकाळी लवकर जायचं आणि पर्समध्ये लोहचुंबक ठेवायचा. पितळेचा नुसता मुलामा दिलेलं लोखंड असेल तर चुंबक लगेच चिकटतो आणि विकणारा लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मग बोट फिरवून बघायचं. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल आणि तो बोटाला लागत असेल तर ते म्हातारपण गेल्याच महिन्यात आलेलं आहे. खरं जुनं भांडं झिजायचं तिथेच झिजतं. बुडाला, कडीच्या भोकात, काठाला जिथे पळी आपटते तिथे. आतून सांधा बघा. दोन पत्रे एकमेकांत दातांसारखे गुंतवून डाक, म्हणजे झाळ, दिलेला सांधा दिसला तर मी घासाघीस करायची सोडून देते. ही वाईट सवय आहे.

मुंबईच्या चोर बाजारात दोनदा गेले. मटण स्ट्रीटवर शुक्रवारी दुकानं बंद असतात हे पहिल्या खेपेला कळलं आणि भाव दुसऱ्या. तिथे वस्तू तुमच्या हातात येण्याआधीच 'अँटिक' झालेली असते. जुन्या बाजारात ती अजून मोड असते, तागडीवर असते. मला तेच परवडतं, खिशाला आणि मनालाही.

मोडीत काढणं हा शब्द आपण माणसांनाही लावतो, पण मी तो पहिल्यांदा ऐकला तो भांड्यांबद्दल. स्टील आलं तेव्हा घरोघरी हेच झालं. चिंच नको, राख नको, कल्हई नको, कळकायचं भय नको. माझ्या आईनं दोन हंडे आणि बंब देऊन स्टीलचा डिनर सेट घेतला आणि महिनाभर ती आनंदात होती. तिला नावं ठेवणं आज मला सोपं आहे. बंब मी पेटवला नव्हता आणि हंडे मी उचलले नव्हते.

आता नावांकडे येते. हल्लीच्या मुलांना भांड्यावर नाव म्हणजे हौस वाटते. ती सोय होती. वाड्यात एका घरी कार्य निघालं की आठ बिऱ्हाडांची पातेली, पराती, ओगराळी गोळा व्हायची आणि चार दिवसांनी ज्याची त्याला परत जायची. 'वि. रा. दे.' एवढं असलं की भांडण मिटलं. म्हणून पुरुषांची नुसती आद्याक्षरं सापडतात, हिशेबाच्या वहीत असावीत तशी. लग्नात दिलेल्या भांड्यावर मात्र मजकूर असतो. कुणास, कुणाकडून, कधी. काही ठिकाणी देणाऱ्याचं नाव घेणारीपेक्षा मोठं असतं, तेही वाचून घ्यावं. आमच्या गावातल्या भांडीवाल्याकडे नाव घालायचे पैसे अक्षरावर असत, त्यामुळे काकांनी एका ताटावर 'सप्रेम' गाळलेला आहे.

तर द्वारका. मामानं घंगाळ घेतलं आणि नाव घालून घेतलं तेव्हा ती अजून माहेरची होती. पुढे उंबऱ्यावरचं माप ओलांडून ती आत गेली. ताटातल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं दुसरंच नाव लिहिलं असेल, तर त्या दिवसापासून तिला द्वारका म्हणणारं त्या घरात कोणी उरलं नाही. न्हाणीघरातलं घंगाळ तेवढं म्हणत राहिलं. (नाव बदललं नसेलही. सगळ्या घरांत बदलत नसत. पण मी हे घंगाळ पुसताना दर वेळी बदललं असंच धरून चालते, आणि त्याला कारण आहे.)

माझ्या आजीचं माहेरचं नाव यमुना. सासरी तिला वेगळं नाव मिळालं, आणि आमच्या घरात ती जाईपर्यंत त्याच नावानं होती. रेशन कार्डावर तेच, निवडणुकीच्या यादीत तेच, शेवटी पेपरातल्या चार ओळींतही तेच. यमुना फक्त एका पितळी पातेल्यावर होती. 'यमूना', मू दीर्घ. घालणाऱ्यानं चुकवलेला. शेवटच्या 'ना'चा काना अर्ध्यावरच संपलेला, त्याच्या छिन्नीखालून पातेलं सरकलं असणार. लहानपणी मी ते अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, ही यमूना कोण? आजी चुलीकडे बघत म्हणाली, "होती एक."

ते पातेलं आमटीचं. वाटणीत आईकडे आलं, आईकडून माझ्याकडे. आतली कल्हई गेली होती. पितळेत तांबं असतं, कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट शिजवलं की ते अन्नात उतरतं. चव बिघडते, ताक असेल तर हिरवट होतं, आणि पोटालाही ते बरं नाही. म्हणून आतून कथलाचा थर हवा. पूर्वी कल्हईवाला दारात यायचा. भाता, निखारे, तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट, तो पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एक गरकन फेर, आणि काळं भांडं चांदीसारखं होऊन बादलीत चुर्र करत जायचं. आम्ही मुलं शाळा बुडवून बघत बसायचो. आता तो आमच्या भागात येत नाही, म्हणून मी पातेलं एका दुकानात देऊन आले.

चार दिवसांनी आणायला गेले. कल्हई सुरेख झाली होती. दुकानातला मुलगा खूश होता. म्हणाला, "ताई, बाहेरूनपण बफ मारून दिलंय. त्याचे पैसे नाही लावले."

पातेलं आरशासारखं झालं होतं. त्यात मी दिसत होते, वरचा पंखा दिसत होता. नाव नव्हतं. मी दुकानाच्या पायरीवर उजेडात नेऊन फिरवून फिरवून पाहिलं, नखानं चाचपलं. ठिपके मुळात उथळ असतात, बफच्या चाकाखाली त्यांचा काय पाड लागणार? त्या मुलाला काय बोलणार? त्यानं उपकारच केला होता. मी त्याला सांगितलं नव्हतं, आणि असं काही सांगायचं असतं हे मलाही तोवर माहीत नव्हतं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "नाव तर तुला माहीत आहे ना?" आहे. ते दीर्घ मू मात्र आता कुठे नाही.

म्हणून मी कुणाचं नाव काढत नाही.

नणंदेला हे पटलं नाही, तेव्हा मी तिला शुक्रवार पेठेतल्या केळकर म्युझियममध्ये घेऊन गेले. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावानं कविता करायचे. १९२०च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली, आणि त्या लोकांच्या स्वयंपाकघरातल्या, देवघरातल्या, न्हाणीतल्या. अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, दरवाजेसुद्धा. वीस हजारांच्या वर वस्तू झाल्या, १९७५ साली त्यांनी त्या सरकारच्या स्वाधीन केल्या. संग्रहालयाला नाव मात्र लहानपणी गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं. नणंद अडकित्त्यांपाशी बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "इथली गोष्ट वेगळी. हे म्युझियम आहे." हरले मी.

पण एक मला खरंच कळत नाही. आमच्या पॅसेजमध्ये ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील टांगलाय. त्याच्यावरचं कारखान्याचं नाव बघून लोक हरखतात. डालडाच्या पिवळ्या डब्यावरचं ताडाचं झाड टिकावं म्हणून त्याच्यावर वार्निश मारणारी माणसं मला माहीत आहेत. कंपनीचं नाव असलं की वस्तूची किंमत वाढते. द्वारकेचं असलं की बफ मारा.

मांडण्याबद्दल फार विचारतात, पण तिथे माझ्याकडे विद्या नाही. अकरा इंच खोल साध्या सागवानी फळ्या आहेत, खाली लोखंडी अँगल, कारण घंगाळ साडेतीन किलोचं आहे आणि बिल्डरच्या भिंतींवर माझा विश्वास नाही. दिवा समोरून न टाकता बाजूनं टाकलाय, त्यानं मठाराचे, म्हणजे हातोडीनं घडवल्याचे, ठोके उठून दिसतात. हे कसब्यातल्या तांबट आळीत एका दुकानात पाहून शिकले. ते ठोके नक्षी म्हणून नसतात, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो म्हणून असतात. नक्षी ही वरकमाई. पायलीत लाटणं, पळ्या, कालथे उभे असतात. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं, प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मं, त्यामुळे ओळीनं ठेवली की आपोआप उतार तयार होतो. त्यापुढची कोळवं-निळवं मिळत नाहीत. कुणाकडे असली तर कळवा, नावासकट.

घंगाळात पाणी घालून झेंडूच्या पाकळ्या सोडायची फॅशन आहे, ती मी करत नाही. त्यात आमच्याकडे इस्त्रीला द्यायचे कपडे असतात. फिरकीचा तांब्या अजून प्रवासाला येतो आणि विमानतळावर अडवला जातो.

घासणं वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दिवाळीला. चिंचेचा कोळ, तोही हातानं. तारेची घासणी या भांड्यांजवळ येत नाही. चिंच-मीठ राहिलं तर चार दिवसांत हिरवं चढतं, म्हणून भरपूर पाण्यानं धुऊन, लगेच कोरडं करून, गॅलरीतल्या उन्हात. नावाच्या जागी फक्त अंगठा. हे करताना एक लक्षात आलंय. 'गो. ना. जो.' ही अक्षरं इतकी पुसट आहेत की दिवा तिरका धरावा लागतो, म्हणजे ती कासंडी रोज घासली जात होती, तिच्यात दूध होतं. द्वारकेचं नाव मात्र काल घातल्यासारखं लख्ख आहे. त्या घंगाळानं फार कुणाला आंघोळ घातली नसावी. माळ्यावर पडून असेल. का, ते विचारायला कोणी नाही.

यमुनेचं पातेलं खालच्या फळीवर असतं. बाकी सगळी भांडी मी नाव समोर येईल अशी ठेवते. याला आता पुढची बाजूच नाही, पुसून झालं की येईल ते तोंड पुढे. पाहुणे त्याच्याबद्दल काही विचारत नाहीत. सगळ्या फळ्यांवर नाव नसलेलं ते एकच, आणि आमचं तेवढंच.

गेल्या महिन्यात मुलगी बंगळुरूहून आली होती. किल्ल्या ठेवायला म्हणून तिनं चिपटं मागून घेतलं, त्याच्यावर नुसतंच 'शं.' आहे. मग पातेलं हातात घेऊन म्हणाली, "आई, हल्ली लेझरवर नाव घालून देतात. घेऊ या का परत?" तिनं फोनवर सहा प्रकारची अक्षरं दाखवली. सगळी सुबक होती. खाली चौकट होती, नाव लिहा म्हणून. मी 'यमूना' लिहिलं तर फोननं आपणहून मू ऱ्हस्व केला.

फोन तिला परत दिला. रविवार होता, पातेल्यात चिंच-गुळाची आमटी केली. कल्हई अजून चांगली आहे.