झाकण

किटलीचं झाकण मी अर्धवट सरकवून ठेवलं आणि वाट बघत बसलो. एक तरुण वेटर आला, त्यानं ते नीट बसवलं आणि निघून गेला.

हसू आलं, पण लागलंही. कँटनी पद्धतीच्या चिनी हॉटेलात झाकण तिरकं ठेवणं म्हणजे 'गरम पाणी घाला'. हाक मारायची नाही, हात हलवायचा नाही. हे मला याच हॉटेलात गल्ल्यावरच्या आजींनी शिकवलेलं. कुणी चहा ओतला की आभार म्हणून दोन बोटं टेबलावर हळूच टकटक करायची, तेही त्यांनीच.

तीन वर्षांनी गेलो होतो. बांबूच्या करंड्या त्याच. 'हार गाव' या कोळंबी भरून वाफवलेल्या मोमोंचं आवरणही तसंच, आतली कोळंबी गुलाबी दिसेल इतकं पातळ. ऑर्डर मात्र आता क्यूआर कोडवर. (त्यात चहा सगळ्यात शेवटी. ज्या खाण्याला म्हणतातच 'याम चा', म्हणजे चहा पिणं!) खूण दोघांनाही कळावी लागते, नाहीतर झाकण म्हणजे नुसतं झाकण.

मी ते पुन्हा सरकवलं. हट्टानं.

या वेळी आजीच उठल्या. पाणी घातलं. मी दोन बोटं टेकवली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत त्या म्हणाल्या, "आज एकच कप?"

"हो, आता एकच."

पुढे काही विचारलं नाही. दुसरा कप आणला, चहा ओतला आणि स्वतःच समोर बसल्या.

निघताना त्या पोराला झाकणाचं सांगावं की नाही, ठरेना. तुम्ही सांगितलं असतं?