लघवीचा रिपोर्ट आणि न मिळालेले औषध

पासष्टीच्या पुढच्या माणसाला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आहे की नाही, हे लघवीत तपासणीची पट्टी बुडवून ठरवू नये, असे इंग्लंडमधील डॉक्टरांना स्पष्टपणे सांगितलेले आहे. मला हे आईच्या निमित्ताने कळले, आणि कळले तेव्हा अतिशय राग आला.

लीड्सला येण्यापूर्वी आईने सांगलीत, विश्रामबागेतल्या लॅबमध्ये, वर्षाची नेहमीची सगळी तपासणी करून घेतली होती. लघवीत पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, होत्या, कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय जंतू वाढले होते आणि सोबत सात दिवसांच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी होती. ते औषध मात्र निघण्याच्या गडबडीत घ्यायचे राहिले होते. येथील डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आईला, माझ्यामार्फत, प्रश्न विचारायला सुरुवात केली. लघवीला जळजळ होते का, अलीकडे रात्री जास्त वेळा उठावे लागते का, थंडी वाजून ताप आला का, पाठीत बरगड्यांखाली दुखते का? आईने सगळ्याला नाही म्हटल्यावर त्यांनी औषध देण्यास शांतपणे नकार दिला. डोळ्यांसमोर कागदावर जंतूचे नाव छापलेले असताना माझ्या आईला औषध मिळत नाही, हे मला सहन होईना.

मग मी त्यामागचे कारण नीट समजून घेतले. वय वाढलेल्या स्त्रियांच्या, त्यातही मधुमेह असलेल्यांच्या, मूत्राशयात काही त्रास न देता जंतू राहतात, आणि ही गोष्ट बरीच सर्रास आढळते. अशा जंतूंना औषध दिल्याने पुढचे आजार टळत नाहीत. जंतू काही काळाने परत येतात, आणि येताना त्या औषधाला न जुमानणारे होऊन येण्याची शक्यता वाढते. अपवाद मुख्यतः दोन आहेत: गरोदर स्त्री, कारण तिच्या बाबतीत संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका खरा असतो, आणि मूत्रमार्गातून करायची, आतील अस्तराला इजा होऊ शकेल अशी शस्त्रक्रिया. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिकाही हेच सांगते.

तक्रार असेल तेव्हा मात्र येथे फार आढेवेढे घेतले जात नाहीत. जानेवारी २०२४ च्या अखेरीपासून १६ ते ६४ वर्षांच्या, गरोदर नसलेल्या स्त्रीला साधी उन्हाळी लागली, तर औषधाच्या दुकानातील फार्मासिस्टच लक्षणे विचारून नायट्रोफुरँटॉइन या अँटिबायोटिकचा तीन दिवसांचा कोर्स देऊ शकतो. मला तो असाच मिळाला. ना कल्चर, ना सोनोग्राफी. आपल्याकडे याला हलगर्जीपणा म्हटले असते, आणि खरे सांगायचे तर मलाही बराच वेळ तसेच वाटत होते. कधीकधी डॉक्टर चिठ्ठी देऊन, ‘४८ तासांत बरे वाटले नाही तरच औषध सुरू करा,’ असेही सांगतात.

यावरून सांगलीच्या डॉक्टरांना कोणी नावे ठेवू लागले, तर ते मला मान्य होणार नाही. जत किंवा कवठे महांकाळहून दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने आलेल्या बाईला ‘दोन दिवसांनी पुन्हा या’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? ती परत येईलच याची खात्री नसते, म्हणून त्याच भेटीत लघवी, रक्त आणि सोनोग्राफी उरकून औषध हातात दिले जाते. शिवाय शेतात दिवसभर आडोसा मिळत नाही म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या बायका आपल्याकडे किती आहेत, हे येथील नियम लिहिणाऱ्यांसमोर नव्हते. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभे केल्यापासून दूरदूरचे लोक मिरजेला उपचारासाठी येत आले आहेत, आणि त्या डॉक्टरांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे.

पण ही बाजू मला मेडिकलच्या काउंटरपर्यंत नेता येत नाही. चिठ्ठीशिवाय सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकची अर्धी पट्टी मागायची, दोन गोळ्यांत जळजळ थांबली की उरलेल्या फडताळात ठेवायच्या, आणि पुढच्या खेपेला त्याच गोळ्या शेजारणीला द्यायच्या, हे आपल्या घराघरांत चालते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत की आपल्याकडचे बहुतेक ई. कोलाय आता सिप्रोला दाद देत नाहीत, तर जुने नायट्रोफुरँटॉइन लघवीच्या संसर्गात अजून बऱ्यापैकी चालते. ब्रिटनमध्ये तर स्नायुबंध आणि नसांवरील दुष्परिणामांमुळे जानेवारी २०२४ पासून, दुसरे योग्य औषध उरले नसेल तेव्हाच सिप्रोच्या गटातील औषधे द्यावीत, असा निर्देश आहे.

म्हणून सांगलीतल्या भावाला मी स्पष्ट सांगितले आहे की आईची काही तक्रार नसेल, तर तपासणीच्या पॅकेजमधून लघवीचे कल्चर वगळायचे, आणि तक्रार असेल, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्यायचा. त्याला हे इंग्लंडचे फॅड वाटते. मुतखड्याच्या बाबतीत मात्र आमचे एकमत आहे: येथे तातडी नसलेल्या सोनोग्राफीसाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागते, मिरजेत ती त्याच दिवशी होते, आणि तशी वेळ आलीच तर मीसुद्धा सुट्टी काढून मिरजेलाच जाईन.