सूज उतरवायची गोळी

"काकी, बाबांच्या मेंदवाक सूज आसा मां? मगे सूज उतराची गोळी कित्याक देनत नाय?"

पुतण्याचा प्रश्न. वेंगुर्ल्यातल्या आमच्या घरात भावोजींच्या हंटिंग्टनविषयी, म्हणजे मेंदूच्या त्या आनुवंशिक आजाराविषयी, डॉक्टरांपुढे नाहीतर देवाला कौल लावतानाच बोललं जातं. मी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, त्यामुळे असे प्रश्न माझ्याच वाट्याला.

ही सूज पाय मुरगळल्यावर येते तशी नाही. हंटिंग्टनमध्ये मेंदू उलट आकसतो. दोष चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात; १९९३ मध्ये तो सापडला. सीएजी ही डीएनएची अक्षरं तिथे ओळीने ४० किंवा जास्त वेळा आली की आजार कधीतरी होतोच. पण बिघडलेलं प्रथिन फक्त चेतापेशींत नसतं, ग्लिया पेशींतही असतं. (आमच्या वर्गात ग्लिया 'आधार देणाऱ्या पेशी' एवढ्यावरच उरकतात, मीही तशाच उरकत आले.) त्यांतल्या मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूचे राखणदार. घाण खातात, धोका दिसला की सायटोकाइन्स, म्हणजे इशारा देणारी प्रथिनं, सोडतात. या आजारात राखणदारच सतत आरडाओरड करत राहतात, तीच ही सूज. ॲस्ट्रोसाइट्स या दुसऱ्या ग्लिया पेशींचं वेगळंच. त्यांनी चेतापेशींभोवतीचं जादा पोटॅशियम आणि ग्लुटामेट (चेतापेशींमधलं निरोप्या रसायन) उचलायचं असतं, ते काम ढिलं पडतं. आजारी उंदरांच्या ॲस्ट्रोसाइट्समध्ये पोटॅशियमची कमी झालेली वाहिनी परत वाढवली, तर ते जास्त जगले. मला हा प्रयोग फार आवडतो. दुरुस्ती चेतापेशीची केलीच नव्हती!

मग गोळी? मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक देऊन पाहिलं, उपयोग दिसला नाही. लॅक्विनिमॉड या दुसऱ्या औषधाने मेंदूच्या एका भागाचं आकसणं कमी झालं, पण हालचालींत फरक पडला नाही. मायक्रोग्लियांना सरसकट गप्प करणंही धोक्याचं, कारण साफसफाई त्याच करतात. आणि जनुक आत तसंच राहतं.

एक गोष्ट सांगताना मात्र मी अडखळले. लक्षणं नसलेल्या जनुकधारकांच्या पेट स्कॅनमध्येही मायक्रोग्लिया चेतलेल्या दिसल्या आहेत. समोर बसलेल्या मुलाकडे ते जनुक असण्याची शक्यता ५० टक्के. त्याने मान डोलावली आणि पुढचं विचारलं.

जाऊबाईंना वाटतं, त्याने आत्ताच टेस्ट करून मोकळं व्हावं. मला अजिबात पटत नाही. तो सज्ञान आहे. कळून घ्यायचं की नाही ते त्यानेच ठरवावं, तेही आधी जेनेटिक कौन्सेलरशी नीट बोलून. तो म्हणाला तर मुंबईला त्याच्यासोबत जायला सावंतवाडीहून तुतारी एक्स्प्रेस पकडेन मी, कॉलेजात रजा मिळो न मिळो.